दुसऱ्या मंगळवारी दुकान बंद

९ जानेवारी, शुक्रवार

“हे कधीपासून सुरू झालं?” असं डॉक्टरीणबाईंनी काल मला तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कुठला अर्ज आला, पत्र आलं की बाबा ते माझ्यासमोर धरतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. काल इस्पितळातही तसेच उभे होते, आणि मी पेन धरून त्या एका रिकाम्या ओळीकडे बघत बसले. आत्या कात्र्यांशी बोलते ते मी तिसरीत असल्यापासून बघतेय. “काय गं, कुणी पाडलं तुला?” असं ती कात्रीला विचारायची आणि आम्ही हसायचो. ते धरायचं का? की गेल्या महिन्यात ती जेवता जेवता थांबून दुकानाच्या भिंतीकडे बघत राहायची, ते? की परवाचा बुधवार?

बुधवारचं लिहून ठेवते. सकाळी बाबांनी दुकान उघडलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली; आम्ही येतो-जातो ते मागच्या दाराने. तीस वर्षं आत्या तिथे चाकावर कात्र्यांना धार लावते आणि बाबा सायकलवरून त्या आणतात, पोचवतात. दांडीवर एकही कात्री नव्हती. गिऱ्हाइकांच्या एकतीस कात्र्या धुण्याच्या टबात सापडल्या. एकेक ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वरून दोऱ्याने बांधलेली. आत्या शेजारी बसली होती. म्हणाली, “आत्ता कुठे गप्प बसल्या. सारख्या सांगत होत्या, ही आम्हाला धार लावत नाही, ही आम्हाला झिजवते.”

आई म्हणाली, ताई दमल्यात, त्यांना झोपू द्या. मी म्हणाले, ताण आहे, हवापालट हवा. बाबांनी एक फडकं सोडलं, पात्यावर आलेले तांबूस ठिपके बघितले आणि तिथेच खाली बसले.

“माझी बहीण कात्रीला पाणी लावत नाही,” ते म्हणाले. “ही आजारी आहे. उद्या सकाळीच इस्पितळात चला.”

बाबा सातवीपर्यंत शिकलेत. मी इतकी पुस्तकं वाचून ‘ताण’ म्हणाले आणि त्यांनी गंज बघून ओळखलं. याचा अभिमान वाटावा की लाज, ते अजून ठरत नाही.

१० जानेवारी, शनिवार

आज दुकानाच्या दारावर कागद लावला. ‘मालकिणीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे धार लावण्याचे काम काही दिवस बंद राहील.’ अक्षर छान आलंय. बाबांनी कात्र्यांवरचा गंज घासून काढला. मग मी सायकल घेऊन त्या एकतीस कात्र्यांच्या सव्वीसही गिऱ्हाइकांकडे स्वतः जाऊन हेच सांगितलं. सगळे हळहळले आणि कात्र्या तूर्त आमच्याकडेच राहू द्या म्हणाले. केस कापणाऱ्या ताईंनी तर माझा हात धरला.

खोटं बोलले, पण आत्याच्या भल्यासाठी. ती परत येईल तेव्हा तिच्याकडे कुणी वेगळ्या नजरेने बघायला नको. घरात एवढा विचार करणारं कुणीतरी हवंच.

१४ जानेवारी, बुधवार

आत्याला गुरुवारी मनाच्या इस्पितळात ठेवून घेतलं; आज तिला भेटून आले. जाताना मनात गज, साखळ्या, आरडाओरडा असं सगळं होतं. तिथे एक लांब खोली, निळे पडदे, आणि समोरच्या खाटेवर एक बस-कंडक्टर बाई रजेचा अर्ज लिहीत बसलेली. अर्जात तिने ‘कृपया’ तीनदा लिहिलं होतं. मी दोन काढून दिले. बाहेर आल्यावर आईने विचारलं, “नर्स होती का ती?” मी म्हणाले, नाही, पेशंट. आई चालता चालता म्हणाली, “आपल्यासारखीच की.”

एक प्रसंग मात्र मला पटला नाही. डॉक्टरीणबाईंनी आत्याला सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का कधी?” मी घाबरून त्यांच्या कोटाची बाही ओढली. असलं विचारून तिच्या मनात भरवायचं का? त्या शांतपणे म्हणाल्या, “विचारल्याने हे मनात येत नाही. आलेलं असेल तर सांगायला वाट मिळते.”

आत्या म्हणाली, “नाही हो. गिऱ्हाइकांच्या एकतीस कात्र्या परत कोण देणार?”

बाबांनी विजेच्या शॉकचं विचारलं. ते शिक्षा म्हणून देतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. बाई म्हणाल्या, तो उपचार आहे, भूल देऊन करतात, काहींना फार उपयोगी पडतो. आत्याला सध्या त्याची गरज नाही. आणि आमच्या समोरच्या घरातल्या काकूंचं मत मीच विचारून टाकलं: आत्याने वेळेवर लग्न केलं असतं तर हे टळलं असतं का?

“लग्न हे औषध असतं,” बाई म्हणाल्या, “तर मी हा दवाखाना बंद करून लग्नं जुळवत बसले असते. इथे निम्म्या खाटांवर लग्न झालेलीच माणसं आहेत.”

आत्या हसली. किती दिवसांनी.

२५ जानेवारी, रविवार

आत्या घरी आली. निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “या काय काम करतात?” मी पटकन म्हणाले, “घरकाम. धारेचं दुकान बाबांचं आहे.” आत्याने माझ्याकडे बघितलं. ती अजून सुस्तच असते.

मी सगळी तयारी करून ठेवली होती. दुकानातल्या कात्र्या, घरातल्या सुऱ्या, विळी, बाबांचं दाढीचं सामान, माझी कंपासपेटीसुद्धा, सगळं लोखंडी कपाटात बंद. किल्ली माझ्या गळ्यात. भाजी मीच कापणार, कपाटाशी उभी राहून. आत्याला फक्त सोलण्याची कामं. भिंतीवर नियम लिहून लावलेत, एकूण नऊ. आई म्हणाली, “पोरीने केवढं केलं बघा.” बाबा नियम वाचून दुकानात गेले आणि चाकावर चादर टाकून आले.

माझं पदवीचं प्रमाणपत्र आत्याने घरात न लावता दुकानात, चाकाच्या बरोबर वर लावलंय. काचेवर रोज लोखंडाची भुकटी बसते आणि ती रोज पुसते. म्हणजे पुसायची. आता काच स्वच्छच असते.

२ फेब्रुवारी, सोमवार

आत्याचा हात कापतो. चहाचा कप बशीवर ठेवला की किणकिणाट होतो. समोरच्या काकू म्हणाल्या, “या गोळ्या माणसाचा दगड करतात, आणि एकदा लागल्या की सुटत नाहीत.” आत्या मटार सोलत होती. तिने ऐकलं.

नंतर मला म्हणाली, “ए ग्रॅज्युएट, मी आल्यापासून या घरात मटार सोडून दुसरं काही शिजलंय का?”

“तुझ्यासाठीच, आत्या. हलकं काम.”

“मटारला तरी विचारलंस का?”

चेष्टा करते म्हणजे बरी होतेय. पण एक काळजी. आज सकाळी ती दोन चमचे कानाजवळ धरून एकमेकांवर हळूच घासत होती. चार वेळा. मी दिसताच तिने ते खाली ठेवले. डॉक्टरांसाठी वेगळी वही केली आहे, तिच्यात नोंद केली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वहीतून उतरवते: मंगळवारी ताटली आणि वाटी. काल उलथनं आणि कढईची कड, डोळे मिटून. आज पुन्हा चमचे, नऊ वेळा. आजार परत येतोय आणि घरात माझ्याशिवाय हे कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. बाबांना सांगितलं तर त्यांनी ते दोन चमचे उचलून बघितले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

महिन्याचा दुसरा मंगळवार, तपासणीचा दिवस. आजचं सगळं जसं घडलं तसं लिहिणार, माझा भागसुद्धा.

मी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी नोंदी वाचल्या, मला शाबासकी दिली आणि वही मिटून आत्याला विचारलं, “चमचे का वाजवता?”

“कान तपासते.”

“कशासाठी?”

“गोळीने जातो का ते बघायला. मी धार कानाने लावते. कात्री मिटताना कुठे अडते ते ऐकू येतं, डोळ्याला दिसायच्या आधी. आता गोळीने ते दुसरे आवाज गेले. त्यांच्यासोबत हाही जाणार, असं मला वाटलं.” ती थांबली. “पण चमच्यावर कळत नाही हो. चमचा म्हणजे कात्री नव्हे. आणि कात्र्या हिने कुलपात ठेवल्यात.”

बाईंनी माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे बघितलं. “धार याच लावतात? या घरकाम करतात ना?”

मी किल्ली मुठीत झाकली. बाबांनीच सांगितलं, शहरातल्या निम्म्या शिंप्यांच्या कात्र्या हिच्या हातून जातात म्हणून. सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

मग आत्या म्हणाली, “अजून एक आहे. चार दिवस मी गोळी घेतली नाही. मटारच्या सालींत टाकली.”

सालीची पाटी रोज मीच रिकामी करते. रोज.

“मग आवाज?” बाईंनी विचारलं.

“शनिवारपासून आलेत. लांबून, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसे.”

मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाई म्हणाल्या, “सांगितलंत ते फार बरं केलंत.” आणि खुर्ची पुढे ओढून त्या आत्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. कात्रीचा आवाज खोलीतल्या कुणालाही ऐकू येतो, आत्याला तो जास्त कळतो एवढंच, आणि ते तीस वर्षांच्या कामातून आलंय. ते आजाराने दिलेलं नाही, त्यामुळे गोळी ते काढून नेणार नाही. हाताचा कंप आणि सुस्ती मात्र गोळीचीच असू शकते. त्यावर इलाज आहे: मात्रा बदलता येते, गोळीही बदलता येते. फक्त मनाने बंद करायची नाही. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडल्या तर आजार उलटू शकतो. किती दिवस घ्यायच्या ते दोघींनी मिळून ठरवायचं.

“आणि माझं काम?”

“हात स्थिर होईपर्यंत चाक नको. ऐकायला काय हरकत आहे?”

“कुणाला इजा केली तर?” हा प्रश्न माझा. आत्यासमोर विचारला.

बाई म्हणाल्या, “या आजारातली बहुतेक माणसं कधी कुणाला इजा करत नाहीत. यांनी आजारपणातसुद्धा काय केलं? कात्र्या गुंडाळून बांधून ठेवल्या.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी सांगूनही मी किल्ली दिली नाही. का, ते लिहायला तीन दिवस लागले. मला भीती वाटते. आत्याला काही होईल याची नाही. आत्याचीच. जिने मला बोट धरून शाळेत नेलं तिची. नऊ नियमांपैकी एकही मी तिच्यासाठी लिहिला नव्हता.

मटार बंद केले आहेत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हात कमी कापतो. कप आज बशीवर गुपचूप बसला. आवाज पुन्हा नाहीत म्हणते. गोळी आता ती सगळ्यांसमोर घेते, पेला उंच धरून, आईकडे बघत: “तुझ्या तब्येतीसाठी, वहिनी!”

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मास्तर आले. मास्तर म्हणजे मोठ्या रस्त्यावरचे शिंपी, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांची कापड बेतायची मोठी कात्री, त्यांच्या गुरूने दिलेली, जानेवारीपासून आमच्याकडेच पडून आहे. मी दुकानात होते.

“कात्री परत दे पोरी,” ते म्हणाले. “दुसरीकडे टाकतो. राग मानू नका, पण डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातात ती द्यायला माझा जीव धजत नाही.”

आत्याच्या भल्यासाठी म्हणून जे बोलले होते त्याने तिचंच काम हातचं जात होतं. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

“कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन?”

मास्तरांनी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. आत्या गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच दुकानाच्या दारापर्यंत आली. कागद वाचला. दोनदा.

“अक्षर चांगलं आहे,” ती मला म्हणाली. “तुला माझे डोळे काढायला कुणी सांगितलं होतं गं? परगावी गेले म्हणायचंस.” मग मास्तरांकडे वळली. “डोळे ठणठणीत आहेत. मी मनाच्या इस्पितळात होते. सतरा दिवस. नसलेले आवाज ऐकू येत होते. औषध चालू आहे, आता येत नाहीत.”

मास्तर आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. हातातली पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. “असं,” म्हणाले. पुन्हा, “असं.” आणि मग हळूच, “मग तर कात्री द्याच.”

मला रडू आलं. आत्याला आलं नाही. तिने माझ्यापुढे तळहात पसरला. “किल्ली.”

मी गळ्यातून किल्ली काढली. दोरी केसांत अडकली. तिनेच सोडवली, अगदी हलक्या हाताने. कपाट उघडून तिने ती मोठी कात्री घेतली, बोटाने पातं पुसलं आणि म्हणाली, “न्या की मास्तर. तुमचीच आहे. पण एकदा ऐकून जा.”

कात्री त्यांच्या कानाशी धरून तिने ती सावकाश मिटली. स्वतः डोळे मिटले होते. खोलीत एवढी शांतता होती की चाकावरची चादर हललेली ऐकू आली असती. मिटत आलेली कात्री आत्याने मध्येच थांबवली.

“टोकापासून दोन बोटं आत. इथे. इथे ती कापड कापत नाही, चघळते. आणि सुती कापडावर नाही, रेशमावरच. बरोबर?”

मास्तरांनी मान हलवली.

“पडली होती. उजव्या बाजूवर. कधी पडली ते सांगितलं नाहीत तुम्ही मला.”

“दिवाणखान्याच्या पडद्यांचं काम होतं तेव्हा,” मास्तर म्हणाले. लहान मुलासारखा आवाज झाला होता. “सांगायची लाज वाटली.”

आत्याने डोळे उघडले. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मास्तरांना वाटलं असेल ती त्यांना हसतेय. ती आपल्या कानाला हसत होती.

“परत ते आवाज आले तर?” मास्तरांनी विचारलं. विचारायला त्यांना धीर करावा लागला.

“तर तुम्हाला नाही सांगणार. डॉक्टरला सांगेन.”

मास्तरांनी पिशवीची घडी घातली आणि खिशात टाकली. “शुक्रवारी येऊ?”

“शनिवारी. घाईची धार मी आजारी नसतानाही लावली नाही.”

ते गेल्यावर बाबांनी चादर काढली. झटकून तिची घडी घालायला त्यांना फारच वेळ लागला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आत्याने सकाळी नऊही नियम वाचले आणि म्हणाली, “शुद्धलेखन निर्दोष आहे.” मग विचारलं, “माझ्या नावावर किती ठिकाणी खोटं बोललीस?”

“सव्वीस.”

“मास्तर झाले. उरले पंचवीस. जा आणि निस्तर.”

मी तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं: आजार कुणाला सांगायलाच हवा असं नाही, तो जिचा तिने ठरवायचं. “मग मी ठरवलं ना,” आत्या म्हणाली. “तू ठरवलंस तेव्हा मला विचारलं होतंस का?”

१ मार्च, रविवार

चार दिवसांत पंचवीस ठिकाणं झाली. हात जोडून लिहिते: पदवीची परीक्षा सोपी होती.

चौघांनी कात्र्या परत मागितल्या. एकाने विचारलं, हे लागण होऊन पसरतं का. मी नाही म्हणाले, तरी त्याने कात्री कागदात धरून घेतली. बूट शिवणारे काका म्हणाले, “तिने माझी आरी वीस वर्षं बघितली आहे. तिचं डोकं मी कशाला बघू?” आणि काम करत राहिले. बाकीच्यांनी ‘बरं’ म्हटलं. एवढ्या ठिकाणी एवढं साधं ‘बरं’ मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

केस कापणाऱ्या ताईंनी दुकानाचं दार आतून लोटून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागितला. त्यांच्या एका मैत्रिणीला हवा होता. लिहून घेताना त्यांचा हात कापत होता. दिवसभर कात्री चालवून दमल्या असतील. मैत्रीण कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, “झोप लागत नाही बिचारीला.” मी सांगितलं, मैत्रिणीला एकटीने जावंसं वाटत नसेल तर आत्या सोबत जाईल. त्यांनी आरशातून माझ्याकडे कितीतरी वेळ बघितलं. दुसऱ्यासाठी इतकी काळजी करणारी माणसं कमीच असतात.

८ मार्च, रविवार

दुकान आठ दिवस रोज उघडं आहे. हात स्थिर झालाय, तरी आत्या सकाळचे तीन तासच बसते, दुपारी झोपते. पूर्वीपेक्षा सावकाश काम करते आणि त्याचं वाईट वाटतं तेव्हा तसं बोलून दाखवते. मास्तरांनी कात्री नेली आणि दुसऱ्या दिवशी रेशमाची एक चिंधी पाठवली. कड सरळ, पाण्याच्या रेघेसारखी. आत्याने ती माझ्या प्रमाणपत्राच्या चौकटीत खोचली. त्या काचेवर पुन्हा भुकटी बसू लागलीये. मी पुसायला गेले तर म्हणाली, “ते माझं काम.”

परवा दुसरा मंगळवार, तपासणीचा दिवस. बाबा म्हणाले, दारावर ‘कामानिमित्त दुकान बंद’ असं लिही. मी कागद घेतला, पेन घेतलं, आणि हात चालेना. आत्याजवळ गेले आणि मला जे लिहावंसं वाटत होतं ते बोलून दाखवलं. या वेळी विचारून. ती पातं पुसत होती. पुसून झालं, दांडीवर अडकवलं, मग म्हणाली, “लिही. पण कागदावर नको, फळीवर लिही. दर महिन्याला तेच लिहीत बसू नकोस.”

आईला कसंसं झालं. काकू काय म्हणतील? आत्या म्हणाली, “वाचतील की. मोठं लिहायला सांग.”

फळी लावून झाली आहे. चार खिळे, चारही मीच ठोकले, एक वाकडा गेलाय. काकू मघाशी चष्मा लावून वाचून गेल्या.

‘येथे कात्र्यांना धार लावून मिळेल. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुकान बंद. मालकीण मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जाते.’